योगायोगाचे आडनाव

आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाच्या वतीने आम्ही अधूनमधून चित्रपट दाखवितो. प्रोजेक्टर जुना आहे, खिडक्यांना पडदे नाहीत, तेव्हा काचांवर वर्तमानपत्रे चिकटवून अंधार करावा लागतो. मागच्या पावसाळ्यात द्वितीय वर्षाच्या मुलांनी आग्रह धरला, की सर, दर वेळी दुःखाचेच चित्रपट नकोत, एखादा हसण्याचा लावा. मुलांचे म्हणणे रास्त होते. मी सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' (2010) लावला. मुले मनापासून हसली. चर्चेसाठी म्हणून मी काही मुद्दे काढून ठेवले होते. संवादांची भाषा, दोन शहरांचे दोन स्वभाव, वगैरे. त्यांतल्या एकाचीही गरज पडली नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, दिवसभर दोघं संगं हिंडली, पण एकमेकांचं नावसुद्धा विचारलं नाही. असं कुठं असतंय का? आमच्याकडं तर पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारत्यात."

वर्ग हसला. मीही हसलो. परंतु संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर लक्षात आले, की तिने एका वाक्यात जी समीक्षा केली ती मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो 2010 सालीच. त्या वेळी मी नगरला समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात राहून बी.ए. करीत होतो. आम्ही चौघे मित्र गेलो होतो. तिकिटाचे पैसे साठविण्यासाठी आठवडाभर बाहेरचा चहा बंद केला होता. परतल्यावर आमच्यातला एकजण पुणेरी बोलू लागला आणि वसतिगृहात कितीतरी दिवस त्याची ती सोंगाडी भाषा चालू होती. चौघांपैकी कोणालाही नायक-नायिकेच्या नावाचा प्रश्न पडला नाही. किंवा पडला असेल, पण त्या अंधारात तेवढा वेळ आम्हांलाही आडनाव नव्हते, आणि ते सुख मोडावे असे कोणालाच वाटले नसेल.

माझा एक कार्यकर्ता मित्र आहे. या विषयावर लिहितो आहे असे सांगितल्यावर तो चिडला. म्हणाला, "सर, गावोगाव बहिष्कार पडत आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही पांढरपेशांच्या प्रेमाच्या गमतीजमतींवर पाने खर्च करणार?" त्याचा राग मला समजतो. परंतु माझे उत्तर असे आहे, की ज्या मुलांसाठी तो मोर्चे काढतो ती मुले रात्री पांघरुणाखाली मोबाईलवर हेच चित्रपट पाहतात. त्यांच्या मनात प्रेमाचे, लग्नाचे, भेटीचे जे चित्र तयार होते ते येथून होते. आणि दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. दोन अनोळखी माणसे एकमेकांना भेटू शकतात का, हा या चित्रपटांचा मूळ प्रश्न आहे. तो प्रश्न पांढरपेशांचा नाही. तो आपला आहे.

या प्रकारच्या चित्रपटांची घडण सर्वांच्या परिचयाची आहे. गाडी चुकते, पत्ता सापडत नाही, पाऊस येतो, कोणाची तरी पिशवी बदलते. दोन माणसे समोरासमोर येतात, भांडतात, दुरावतात, पुन्हा भेटतात. 1934 साली फ्रँक काप्राने 'इट हॅपन्ड वन नाईट'मध्ये घरातून पळालेली श्रीमंत बापाची मुलगी आणि एक वार्ताहर यांना एका बसमध्ये शेजारी बसविले; आपल्याकडे त्यावरून 'चोरी चोरी' (1956) आणि 'दिल है कि मानता नहीं' (1991) निघाले. 'छोटी सी बात'मध्ये (1976) मुंबईचा बसथांबा आहे, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये (1995) आणि 'जब वी मेट'मध्ये (2007) आगगाडी आहे. याचा सर्वांत उघड नमुना म्हणजे अमेरिकेतील 'सेरेन्डिपिटी' (2001). न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या एकाच जोडीवर दोघांचा हात पडतो. ओळख वाढते, पण मुलगी आपला नावपत्ता देत नाही. ती त्याचा नंबर पाच डॉलरच्या नोटेवर लिहून घेते आणि ती नोट खर्चून टाकते. स्वतःचा नंबर एका पुस्तकात लिहून ते पुस्तक जुन्या बाजारात जाऊ देते. नशिबात असेल तर नोट आणि पुस्तक योग्य हाती येतील, असा तिचा हिशेब. अर्थात ती येतात.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. योगायोग आणि नियती हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, परंतु त्यांचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. योगायोग म्हणजे ज्यात कोणाची योजना नाही. नियती म्हणजे जिच्या योजनेतून सुटका नाही. हे चित्रपट पहिल्या अर्ध्या भागात योगायोग दाखवितात आणि दुसऱ्या अर्ध्या भागात तो योगायोग नव्हताच, सारे आधीच लिहिलेले होते, असे पटवून देतात. असे का करावे लागते? कारण निखळ योगायोग ही समाजाला परवडणारी गोष्ट नाही. बसमध्ये शेजारी कोणीही बसू शकते. कोणीही म्हणजे खरोखर कोणीही. ही भीती प्रेक्षकाच्या मनात जागी होण्याच्या आत शेजारी बसलेला माणूस 'योग्य' निघावा लागतो. मग सर्वजण समाधानाने म्हणतात, नशिबातच होते.

आता 'मुंबई-पुणे-मुंबई'कडे वळू. मुंबईची एक मुलगी घरच्यांनी सुचविलेले स्थळ पाहण्यासाठी अनिच्छेने पुण्यात येते. पत्ता विचारण्याच्या निमित्ताने एक पुणेकर तरुण भेटतो आणि दोघे दिवसभर शहर हिंडतात. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांनी ही कामे फार सहजतेने केली आहेत. जवळजवळ सारा चित्रपट या दोघांच्या बोलण्यावर उभा आहे, आणि ते बोलणे ऐकत राहावेसे वाटते. ही लहान गोष्ट नव्हे. मराठी चित्रपटात एक मुलगी आणि एक मुलगा बरोबरीच्या नात्याने, एकमेकांची टर उडवीत, एवढा वेळ नुसते बोलत आहेत हे दृश्य दुर्मीळच होते. त्या दोघांना नावे नाहीत. दिग्दर्शकाने ती मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ही त्याची चांगली कल्पना आहे. नाव नसले की माणूस उरतो. भांडण उरते ते मुंबईचे आणि पुण्याचे. कोणाची लोकल, कोणाची दुपारची झोप, असे.

परंतु 2015 साली याच चित्रपटाचा दुसरा भाग आला. आता लग्न ठरवायचे होते, आणि लग्न म्हटल्यावर बिननावाचे चालत नाही. तेव्हा कळले की मुलगा गौतम प्रधान आणि मुलगी गौरी देशपांडे. आडनावावरून जात हुंगण्याची खोड वाईट आहे आणि ती मला लावून घ्यायची नाही. देशपांडे हे मुळात वतनाचे नाव आहे. पण एवढे तर कोणाही मराठी प्रेक्षकाला कळते, की या दोन आडनावांच्या लग्नात मांडवापाशी कोणी काठ्या घेऊन येणार नाही. आणि तसेच होते. दुसऱ्या भागात अडचण उभी राहते ती गौरीच्या मनातल्या संभ्रमाची. घराण्यांची नाही, गावाची नाही, भावकीची नाही. पहिल्या भागातला योगायोग जेवढा मोकळा दिसत होता तेवढा तो नव्हता. ज्या परिघात नाव न विचारता चालते त्या परिघातच तो घडला होता. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका या जागी लागतो. त्यांनी नाव विचारले नाही, कारण त्यांना विचारण्याची गरज नव्हती. भाषा, कपडे, उच्चार, हॉटेलात मागविलेला पदार्थ, या सर्वांनी ते आधीच सांगितले होते.

नाव न सांगण्याची दुसरी एक कथा मराठीत आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963 साली आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक नोकरीच्या गावी आपली जात सांगत नाही, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. राजवाडे यांच्या चित्रपटात नाव झाकणे हा खेळ आहे, बागुलांच्या कथेत तो गुन्हा ठरतो. बागुलांच्या शीर्षकातला 'चोरली' हा शब्द पाहावा. आपले नाव आपणच न सांगणे ही चोरी केव्हा होते? ज्या व्यवस्थेत तुमचे नाव ही तुमची मालमत्ता नसून गावाची मालमत्ता असते तेव्हा.

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यांचे वय त्या वेळी पंचवीस होते. जातीचे खरे लक्षण शिवाशिव नव्हे, व्यवसाय नव्हे, तर जातीतल्या जातीतच लग्न, हे त्यांनी त्यात सिद्ध केले. आणि ही बंदी टिकविण्यासाठी समाजाला स्त्री-पुरुषांच्या संख्येचा व सहवासाचा केवढा बंदोबस्त करावा लागला, सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली त्या बंदोबस्तातूनच कशा आल्या, हे मांडले. मी हा निबंध दर वर्षी मुलांना सांगतो. अलीकडे मात्र तो मला एका वेगळ्या अंगाने वाचावासा वाटतो. तो योगायोगाच्या बंदोबस्ताचा निबंध आहे. जात म्हणजे दोन माणसांची अवचित गाठ पडू नये यासाठी उभारलेली यंत्रणा. आपल्या गावाची रचना आठवून पाहा. वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, मसणवटा वेगळा, येण्याजाण्याची वाट वेगळी. गाव वसविणाऱ्याने काही म्हणून योगायोगावर सोडलेले नाही. 1936 साली 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेब आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगतात, त्याचा अर्थही मग स्पष्ट होतो. त्यांना हवी होती ती ही अवचित गाठ, आणि तिचा शेवट चांगला व्हावा एवढी मोकळीक.

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात असे आपल्याकडे म्हणतात. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने 2011-12 साली देशभर विचारणा केली, तेव्हा जातीबाहेर झालेली लग्ने सुमारे 5 टक्के निघाली. म्हणजे स्वर्गात जो कोणी कारकून बसला आहे त्याला जाती तर पाठ आहेतच, बहुधा पोटजातीही असाव्यात. (येथे आपणही फार हसू नये. आपल्या वधू-वर मेळाव्यांत स्टेजवर समतेची भाषणे होतात आणि मांडवाच्या मागे 'त्यातले कोण' म्हणून विचारतात. महार-मांग, मांग-चांभार अशी लग्ने आपल्या ओळखीत किती आहेत ते प्रत्येकाने बोटावर मोजावे. बोटे शिल्लक राहतील.)

नियती या शब्दाविषयी माझ्या मनात आणखी एक अढी आहे. आमच्या भागात बाळाच्या पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लेख लिहिते असे मानतात. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. माझ्या वडिलांच्या वेळी आजीने ती ठेवली होती. माझ्या वेळी आजोबांनी ठेवू दिली नाही; दीक्षा घेतलेल्या घरात सटवाई कशाला, म्हणाले. मक्खली गोसालाचा नियतिवाद बुद्धाने का नाकारला हे आजोबांना माहीत असण्याचे कारण नाही, ते चौथी नापास होते. पण नाकारायचा एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्मावर या जन्माचे दुःख टाकण्याची कल्पना साफ खोडून काढली आहे, कारण त्या कल्पनेने अन्याय करणारा सुटतो. असे असूनही सहा वर्षे तासिका तत्त्वावर काढल्यानंतर मला कायम नोकरी लागली, तेव्हा पाहुण्यांतला प्रत्येकजण म्हणाला, "नशीब काढलं पोरानं." माझ्या आईने दुसऱ्यांच्या रानात तीस वर्षे खुरपणी केली होती. त्या सर्व उन्हाचे नाव नशीब! प्रेमाच्या चित्रपटात नायक म्हणतो की आपली भेट विधिलिखित होती, तेव्हा मला हे आठवते. विधिलिखित म्हटले की त्या भेटीमागची सगळी सोय, मोकळा वेळ, खिशातले पैसे, शहरातला निर्धोक रस्ता, दिसेनाशी होते.

हे केवळ आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावर बंदी घालणारे कायदे सोळा राज्यांत शिल्लक होते. ते तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून 1967 मध्ये रद्द केले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा चित्रपट आला. सिडनी पॉइटिए त्यात काळा डॉक्टर आहे आणि एका गोऱ्या मुलीवर त्याचे प्रेम आहे. त्यांची भेट हवाई बेटावर झालेली असते, दहा दिवसांत प्रेम जुळलेले असते. परंतु ती भेट आपल्याला दिसतच नाही! चित्रपट सुरू होतो तो मुलगी त्याला घेऊन आईबापांच्या घरी येते तेथून, आणि सारा वेळ आईबापांनी काय ठरवावे यात जातो. गोऱ्या-गोऱ्यांची भेट असती तर हवाईचे ते दहा दिवस हाच चित्रपट झाला असता. माणसे वेगळ्या रंगाची झाली की योगायोग पडद्याबाहेर जातो आणि चौकशी पडद्यावर येते. तीही कोणाला परवडते? नायक जगन्मान्य डॉक्टर असावा लागला तेव्हा कोठे ती चौकशी जेवणाच्या टेबलापर्यंत पोचली.

आपल्याकडे ही चौकशी टेबलापर्यंत पोचत नाही. येथे मला 'फँड्री'विषयी बोलले पाहिजे. नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, पण त्यांचे चित्रपटाचे शिक्षण आमच्या नगरमध्ये झाले, आणि 'पिस्तुल्या' हा त्यांचा पहिला लघुपट त्या शिक्षणाचा भाग म्हणून तयार झाला. 'फँड्री'तले गाव अकोळनेर. नगरपासून ते जवळच आहे. हा चित्रपट 14 फेब्रुवारी 2014 रोजी, प्रेमदिन म्हणून जो दिवस साजरा होतो त्या दिवशी प्रदर्शित झाला. त्याच्याकडे सर्वांनी दुःखाचा, विद्रोहाचा चित्रपट म्हणून पाहिले, आणि ते खरेच आहे. परंतु त्याचा सांगाडा प्रेमाच्या हलक्याफुलक्या चित्रपटाचा आहे, हे फारसे कोणी बोलले नाही. शाळेत जाणारा जब्या, त्याच वर्गातली शालू, मित्राबरोबरच्या योजना, लिहून ठेवलेली चिठ्ठी, नव्या कपड्यांची ओढ. आणि त्यात नियतीही आहे. सायकलच्या दुकानातला चंक्या जब्याला सांगतो, की काळी चिमणी मारून, जाळून तिची राख मुलीवर टाकली तर ती वश होते. जब्या गलोल घेऊन रानोमाळ त्या चिमणीमागे धावतो.

न्यूयॉर्कची मुलगी पाच डॉलरची नोट सोडून देते, आणि नोट परत येते. जब्याची चिमणी हाती लागत नाही. या दोन दृश्यांत मला साऱ्या विषयाचे मर्म दिसते. एकीकडे सर्व काही अनुकूल आहे, म्हणून योगायोगाचा लटका अडथळा निर्माण करावा लागतो. त्यांनी सरळ नंबर दिला असता तर चित्रपट दहा मिनिटांत संपला असता. दुसरीकडे सर्व काही प्रतिकूल आहे, म्हणून राखेवर विश्वास ठेवावा लागतो. जब्याची आणि शालूची शाळा एक आहे, वर्ग एक आहे, रोजची नजरभेट आहे. तरी त्यांची खरी भेट होत नाही. जत्रेत तो तिच्या नजरेस पडावे म्हणून नटूनथटून नाचतो, आणि त्याच मिरवणुकीत त्याच्या डोक्यावर बत्ती येते. ज्या एका क्षणी शालू त्याच्याकडे पुरते पाहते तो क्षण डुक्कर धरण्याचा आहे. तो भिंतीआड लपतो, बाप त्याला ओढून बाहेर काढतो, वर्गातली मुले हसतात, शालूही हसते. प्रेमाच्या चित्रपटात नायिका नायकाच्या फजितीवर हसते आणि तेथून प्रेम सुरू होते, हा जुना संकेत. मंजुळे यांनी तोच संकेत घेतला आहे. नायिका हसते. आणि त्या हसण्याने सर्व संपते.

'फँड्री' लागून अडीच महिनेही झाले नव्हते. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला शाळेतून ओढून नेले, मारले आणि झाडाला लटकविले. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलत होता हा त्याचा अपराध. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले; साक्षीदार फिरले होते. त्याआधी 1 जानेवारी 2013 रोजी सोनईत मेहतर समाजातल्या तिघा तरुणांची हत्या झाली, कारण त्यांतल्या एकाचे प्रेम. त्यांना संडासाची टाकी साफ करायची आहे असे सांगून बोलावून घेतले होते. या खटल्यात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये सहाजणांना फाशीची शिक्षा सुनावली. खर्डा प्रकरण घडले तेव्हा मी सेट परीक्षेच्या अभ्यासाला बसलो होतो. सौंदर्यशास्त्राचे पुस्तक समोर होते. ते मी पुढे पुष्कळ दिवस उघडले नाही.

'सैराट' (2016) बद्दल एवढे लिहिले गेले आहे की मी थोडेच म्हणेन. त्याचा पूर्वार्ध मुलांना तोंडपाठ आहे आणि तो हसवितो. पण त्या पूर्वार्धात योगायोगाने घडलेली भेट नाही. गावात सर्वांना सर्वजण माहीत असतात, परशाला आर्ची पाटील कोणाची मुलगी हे पहिल्यापासून ठाऊक आहे. योगायोगाची भेट उत्तरार्धात येते, हैदराबादला, रात्री, गुंडांच्या तावडीत सापडले असताना. सुमनअक्का नावाची डोशाची गाडी चालविणारी झोपडपट्टीतली बाई त्यांना सोडविते आणि आसरा देते. नियतीच्या चित्रपटांनी ज्या भेटीचे आश्वासन दिलेले असते, अनोळखी माणसाने माणूस म्हणून जवळ करण्याचे, ती भेट 'सैराट'मध्ये प्रेमिकांची नाहीच. ती या बाईची आहे. आणि शेवटी दाराशी येतात ते अनोळखी नव्हेत, माहेरचे पाहुणे आहेत, भेटवस्तू घेऊन आलेले.

हे सर्व लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात आपल्या समाजाचा एक मुलगा होता. खेड्यातून सकाळच्या एस.टी.ने येत असे. एके दिवशी त्याच गाडीतली एक मुलगी पास घरी विसरली, कंडक्टर ऐकेना, याने तिचे तिकीट काढले. दुसऱ्या दिवशी तिने पैसे परत दिले. पुढे दोघे बोलू लागले, पुस्तके बदलू लागले. कोणत्याही प्रेमाच्या चित्रपटाची यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. तिसऱ्या आठवड्यात फाटकाशी दोन मोटारसायकली उभ्या राहिल्या. त्यांवरच्या तरुणांनी शिपायाला त्या मुलाचे नाव विचारले नाही. ते त्यांना ठाऊक होते. तो कोणत्या गाडीने जातो एवढेच विचारले. मी मुलाला बोलावून सांगितले, उद्यापासून ही गाडी सोड, पहाटेच्या गाडीने ये. तो म्हणाला, "सर, म्या काय केलं?" मी म्हणालो, तू काही केले नाहीस, तरी पण गाडी बदल. त्याने बदलली. तो पदवीधर झाला, आज नोकरीला आहे, त्याचे मला समाधान आहे. परंतु मी त्या दिवशी जे केले ते गावाने सांगितलेलेच काम होते. दोन माणसांची गाठ पडू नये याचा बंदोबस्त मी केला, आणि तो जीव वाचविण्यासाठी केला. त्या मुलीशी मी एकदाही बोललो नाही. पुढच्या सत्रात ती आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ मारताना मला तिचे आडनाव प्रथम नीट वाचता आले.

म्हणून कार्यकर्ता मित्राशी माझे एका बाबतीत जमत नाही. तो म्हणतो, हे चित्रपट खोटे आहेत, टाकून द्या. मला ते अपुरे वाटतात. नाव न विचारता दोघांनी दिवसभर एखादे शहर हिंडावे, यात खोटे काय आहे? ते तर आपल्याला हवे आहे. विशेष विवाह कायदा 1954 चा आहे. त्याखाली जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्यांची नावे व पत्ते आजही तीस दिवस कार्यालयाच्या फलकावर लावावे लागतात. योगायोगाने भेटलेल्यांचा पत्ता सरकारच मोटारसायकलवाल्यांना देते. या तीस दिवसांवर कोणी हसता हसता रडविणारा चित्रपट का काढीत नाही? नोटीस लागल्यापासून तिसावा दिवस उजाडेपर्यंत दोघांनी कोठे कोठे लपावे, कोणी अनोळखी माणसाने त्यांना चहा द्यावा, कोणी फलकावरचा कागद पावसात भिजू द्यावा. याहून मोठी उत्कंठा कोणत्या पाच डॉलरच्या नोटेत आहे? आणि त्यात विनोदही पुष्कळ आहे. आपली माणसे संकटात केवढी विनोदी बोलतात हे ज्याने पाहिले आहे त्याला ते सांगावे लागणार नाही.

यंदाच्या वर्गाने दुसरा भाग पाहायचा आहे असे कळविले आहे. निरोप त्याच मुलीने आणला. मी हो म्हटले. या वेळी मुलांना आधीच एक काम देणार आहे: पडद्यावर आडनाव प्रथम कोण उच्चारते, केव्हा, आणि त्या वेळी बाकीच्यांचे चेहरे कसे दिसतात, ते वहीत टिपून ठेवा. खिडक्यांसाठी वर्तमानपत्रे पुन्हा गोळा करावी लागतील. मागची पावसाने गळून पडली आहेत.